शाळेच्या घंटेवरचा टॅग

निवृत्तीनंतर काही वर्षे मी कोणत्याही समितीवर नव्हतो. ती वर्षे चांगली गेली. मग आमच्या वस्तीजवळच्या मिडल स्कूलमध्ये सहावीतला एक मुलगा जिन्याच्या तळाशी पडला, त्याचा पुढचा दात तुटला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी विद्यार्थ्यांचे वर्तन व सुरक्षा या विषयांसाठी एक समिती नेमली. तिच्यावर आम्ही तिघे होतो. स्वतः बाई, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये सुरक्षेचे काम पाहून निवृत्त झालेला मी, आणि रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दुर्गला राहणारे एक गृहस्थ, ज्यांची नात त्या शाळेत होती. गार्डसाहेब बैठकीला येताना एक हिरवी आणि एक लाल झेंडी बरोबर आणीत. त्यांना कोणी कारण विचारले नाही.

शाळा दोन मजली आहे. जिना एकच. जिन्याच्या तळाशी लोखंडी जाळीचे चॅनल गेट आहे, दोन पल्ल्यांचे. त्यातला एक पल्ला कायम कुलूपबंद असे. उशिरा येणारी मुले गर्दीतून निसटून वर जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. परिणाम असा की सुटीची घंटा वाजली की वरच्या मजल्यावरची सगळी मुले एकदम खाली येत आणि अर्ध्या दारातून बाहेर पडत, किंवा पडत नसत.

पहिल्या बैठकीत आमचे एकमत झाले की मुले धावतात. ठराव झाला की मुलांनी धावू नये. अंमलबजावणीसाठी जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तशी सूचना रंगवण्यात आली. मुले ती वाचायला जिन्यावर थांबू लागली आणि मागची मुले त्यांच्यावर कोसळू लागली. सूचना पुसावी लागली. त्यानंतर प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरला शिट्टी देण्यात आली. सगळ्या मॉनिटरांनी सगळ्या शिट्ट्या एकाच वेळी वाजवल्या. मग गार्डसाहेबांनी सुचवले की ते स्वतः जिन्याच्या डोक्याशी उभे राहतील आणि एकेक वर्ग हिरव्या झेंडीने सोडतील.

"चाळीस वर्षं गाड्या सोडल्या जी मी," ते म्हणाले. "पोट्ट्याइले सोडणं काय मोठी गोष्ट हाय?"

हिरवी झेंडी दिसताच पहिल्या वर्गाने इंजिनाच्या शिट्टीचा आवाज काढला, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि दुप्पट वेगाने खाली धाव घेतली. गार्डसाहेबांनी लाल झेंडी दाखवली, पण गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ते दुर्गहून आले नाहीत.

तेव्हा मी एक सूचना केली. कारखान्यात पाळी सुरू होण्यापूर्वी कामगारांना उभे करून सुरक्षेविषयी थोडे बोलण्याची पद्धत आहे. तसे शाळेत प्रार्थनेनंतर मी बोलावे. बाईंनी मान्य केले. मी मुलांना टॅगविषयी सांगितले.

यंत्रावर काम करायला उतरणारा माणूस आधी त्याची वीज बंद करतो आणि बटणावर स्वतःच्या नावाचा लाल टॅग बांधतो. त्यावर छापलेले असते: आदमी काम पर है, चालू न करें. खाली नाव आणि कामाचे स्वरूप लिहायचे. ज्याने टॅग बांधला त्यानेच तो काढायचा. फोरमनने नाही, जनरल मॅनेजरनेही नाही. काम पुरे झाल्याशिवाय तर मुळीच नाही. भिलाईत ज्या घरातला माणूस कारखान्यात जातो त्या घरात हा नियम समजावावा लागत नाही. एकाने बांधलेला टॅग दुसऱ्याने काढल्याचा प्रसंग मी नोकरीत एकदा पाहिला आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

माझ्याकडे घरी जुन्या टॅगांचा एक गठ्ठा पडून होता. नमुना म्हणून मी तो वर्गावर्गांत वाटला.

आठवडाभरात शाळेचा बराचसा भाग बंद पडला. पाण्याच्या कूलरवर टॅग होता. कामाचे स्वरूप, 'पाणी गरम येते'. ग्रंथालयाच्या कपाटावर होता. एका मुलाने स्वतःच्या गळ्यात टॅग बांधला आणि कवायतीला नकार दिला. गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. तिच्यावरही टॅग आला, आणि तो बांधणारा मुलगा मावशीच्या लग्नासाठी गोंदियाला निघून गेला. मास्तरांचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा परत येईपर्यंत मास्तरांनी उभ्याने गणित शिकवले. तक्रार केली नाही. मुलगा आला, त्याने पायाखाली सारलेले लाकूड तपासले, टॅग काढला, आणि मास्तर बसले.

मी घरी हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "एक टॅग माह्यासाठी बी आणा. गॅसवर बांधतो. आमाले बी शटडाउन पाह्यजे कधी तरी."

मी उरलेले टॅग गोळा केले. सगळे मिळाले असे मला वाटले.

पुढच्या सोमवारी शाळेची घंटा वाजली नाही. ही घंटा विजेची आहे आणि तिचे बटण कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर आहे. बटणाला लाल टॅग बांधलेला होता. वर सातवीतल्या एका मुलीचे नाव, वर्ग, तुकडी. कामाचे स्वरूप: 'गेट का काम बाकी है'. घंटा वाजवणारा शिपाई बटणासमोर हाताची घडी घालून उभा होता.

"वाजव न," बाई म्हणाल्या.

"टॅग लगा है, मैडम."

"मला दिसतो टॅग. काढ तो."

"मेरा नहीं है, मैडम."

बाईंनी मुलीला कार्यालयात बोलावले. मी तेथे होतो. मुलगी लहानखुरी, वेण्या घट्ट बांधलेल्या. तिने सांगितले की घंटा वाजते म्हणून मुले धावतात, धावतात म्हणून अर्ध्या गेटात अडकतात, आणि अडकतात म्हणून दात तुटतात. गेटाचा दुसरा पल्ला उघडेपर्यंत यंत्र चालू करणे बरोबर नाही. यंत्र म्हणजे घंटा.

"तुला कोणी सांगितलं हे?" बाईंनी विचारले.

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

"टॅग काढ."

"काम झालं नाही, मैडम."

पाच वर्षांपूर्वी बदली होऊन आल्यापासून बाईंनी ही शाळा नीट चालवली होती. त्यांच्याशी असे कोणी बोलले नसावे. शिवाय त्याच आठवड्यात दुर्गहून तपासणीसाठी अधिकारी येणार होते. ज्या शाळेत घंटाच वाजत नाही तिच्याविषयी ते काय लिहितील, हे उघड होते. बाईंनी त्याच दिवशी मुलीला शाळेतून निलंबित केले. वडिलांना फोनवर सांगितले की समितीच्या सह्या झाल्या की येऊन मुलीची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन जा. वर्षाच्या मधोमध टीसी मिळालेल्या मुलीला जवळपासची एकही शाळा घेत नाही. ज्या एका शाळेत जागा होती ती जामुलला होती. लोकल बसने, सिमेंटच्या ट्रकांमागून, सातवीतल्या मुलीने एकटीने रोज जायचे.

मुलगी दप्तर घेऊन घरी गेली. टॅग राहिला. तो आता काढणार कोण, हा विचार निलंबनाच्या आधी कोणी केला नव्हता.

बाईंनी मला सांगितले. मी नकार दिला. गार्डसाहेबांना दुर्गहून बोलावण्यात आले. त्यांनी टॅग चष्मा लावून वाचला.

"मॅडम, हा समजा रुळावर लावलेला लाल दिवा हाय," ते म्हणाले. "ज्यानं लावला त्यानंच काढावं. मी नाही काढत बा."

"तुम्ही रेल्वेचे. तुम्हाला प्लांटचा नियम कशाला?"

"नियम आमचाच हाय. प्लांटवाल्याइनं आमच्यापासून घेतला."

हे खरे नाही. मी तसे म्हणालो. त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली, जिचा येथे संबंध नाही.

शेवटी बाई स्वतः स्टुलावर चढल्या. त्यांनी टॅगच्या दोरीपर्यंत हात नेला आणि तेथेच थांबवला. मग खाली उतरून त्यांनी यजमानांना फोन लावला. ते कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला असतात. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"कोणाचा टॅग हाय?"

"सातवीतल्या मुलीचा. शाळेच्या घंटीवर."

"तू हात नको लावू."

"अहो, शाळेची घंटी आहे ती!"

"मी काय म्हणून राहिलो? हात नको लावू."

त्या दिवसांत शाळा घंटेवाचून चालली. तास कधी संपला हे ठरवण्यासाठी शिक्षक खिडकीतून समोरच्या वर्गाकडे पाहत आणि समोरचे शिक्षक त्यांच्याकडे. इतिहासाचा एक तास जेवणाच्या सुटीपलीकडे गेला आणि दोन राजघराणी संपवून थांबला. शिपाई वर्गावर्गाच्या दारात जाऊन हलक्या आवाजात 'छुट्टी' असे सांगे. एवढ्या हळू सांगितलेल्या सुटीवर मुलांचा विश्वास बसत नसे. ती दोघे-तिघे मिळून सावकाश खाली येत आणि खरोखर सुटी आहे का हे मैदानात पाहत. तेवढ्या दिवसांत जिन्याच्या तळाशी कोणी पडले नाही. मी हे बाईंच्या कानावर घातले. त्यांनी ऐकून घेतले नाही.

गैरहजर माणसाच्या टॅगसाठी कारखान्यात एकच मार्ग आहे. त्याच्या घरी जायचे आणि त्याला घेऊन यायचे. गार्डसाहेबांना स्कूटरवर मागे बसवून मी स्मृति नगरला मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील कारखान्यात कोक ओव्हनला आहेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. आम्हाला पाहून ते उभे राहिले आणि पुन्हा बसायचे विसरले.

"साहेब, मले त काही समजूनच नाही राहिलं. पोरीनं चोरी केली का? कोनाले मारलं का? टीसी कावून देऊन राहिले?"

"घंटेचा टॅग काढला तर बहुधा देणार नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी मुलीला हाक मारली. "जाय साहेबाइसोबत, अन् काढ तो टॅग."

मुलगी दारात उभी राहिली. ती वडिलांशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "आजोबा, काम हो गया का?"

"कोणते काम?"

"गेटचं. दुसरा पल्ला खुला का?"

"नाही."

"मग कसा काढू?"

वडील ओरडले, "अवं, जामुलले जाशीन का रोज? बसमधी लोंबकळत? काढ म्हणतो न मी!"

"बाबा, तुमी काढला असता?"

गार्डसाहेब छताच्या पंख्याकडे पाहू लागले. मुलीची आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "मजा हाय बापा. प्लांटात टॅग लावला त शाबासकी, अन् शाळेत लावला त टीसी. याइले शिकवलं कोणी, ते नाही विचारत कोणी."

चहा चांगला होता. मी तो संपवला.

परतल्यावर मी बाईंना सांगितले की दुसरा पल्ला उघडल्याशिवाय टॅग निघणार नाही. बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि बंद केला. मग त्यांनी कबूल केले की त्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नाही. त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांकडेही नव्हती. कुलूप कोणी लावले ते ठाऊक नाही. उशिरा येणाऱ्या मुलांचे कारण नंतर तयार झाले असावे.

शिपायाने हॅकसॉ ब्लेडने कुलूप कापले. चहा थंड व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता मुलीला आणायचे होते. पण ती निलंबित होती आणि निलंबित विद्यार्थ्याला शाळेच्या आवारात प्रवेश नाही. निलंबन मागे घ्यायला बाई तयार नव्हत्या. आधी टॅग निघू दे, मग टीसीवर सह्या करा, आणि मग ती जाऊ दे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलगी वडिलांबरोबर आली आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली. टॅग आत, ती बाहेर. बटणाची पेटी भिंतीतून काढून फाटकापर्यंत न्यावी, अशी एक सूचना आली. ती मी केली नव्हती.

तोडगा गार्डसाहेबांनी काढला. मुलीला विद्यार्थी म्हणून प्रवेश नाही, पण अभ्यागत म्हणून कोणालाही आहे. फाटकावरच्या वहीत तिचे नाव लिहिले गेले. कोणाला भेटायचे: घंटा. काम: टॅग काढणे. शिपायाने तिला अभ्यागतांच्या खुर्चीवर बसवले आणि अभ्यागतांना देतात तसे ट्रेमध्ये पाणी आणून दिले. तिने ते सरळ बसून प्यायले. तिचे वडील मात्र उभेच होते. त्यांचे नाव वहीत लिहायचे राहून गेले होते.

मग ती गेटापाशी गेली. तिने दुसरा पल्ला ढकलला. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. मागे सिमेंटची मोठी कुंडी होती, तीत तुळस. इतकी वर्षे पल्ला उघडतच नसल्यामुळे ती तेथे निर्धास्त ठेवली गेली होती.

"पूरा नाही खुलत," मुलगी म्हणाली.

"अगं, निघेल की एक माणूस त्यातून!" बाई म्हणाल्या.

मुलीने पल्ला सोडला नाही. ती वाट पाहत राहिली. तिचे वडील पुढे झाले, पण एकट्याने कुंडी हलेना. ते, शिपाई, गार्डसाहेब आणि शेवटी मी, अशा चौघांनी ती सरकवली. माझी कंबर पुढे बरेच दिवस दुखत होती. पल्ला भिंतीला टेकला. मुलीने तो दोनदा मागेपुढे करून पाहिला, मग स्टुलावर चढली आणि स्वतःच्या नावाचा टॅग सोडला. शिपायाने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. त्याने बटण दाबले.

मुले धडधडत खाली आली. आली आणि सवयीप्रमाणे सगळीच्या सगळी जुन्या अर्ध्या दारात घुसली. नवे अर्धे दार मोकळेच राहिले. गार्डसाहेब तेथे धावले आणि हिरवी झेंडी दाखवून ओरडू लागले, "इकडून बे! इकडून! अरे, लाइन क्लिअर हाय!" शेवटी एक मुलगा चुकून त्या बाजूला ढकलला गेला, आणि त्याच्या मागे बाकीचे आले. दात कोणाचाही तुटला नाही.

मैदान भरल्यावर बाईंनी आम्हाला कार्यालयात नेले. टीसीचा कागद टेबलावर तयार होता. बाईंची सही झालेली होती. मुलगी खुर्चीवर, मांडीवर टॅग. वडील दाराशी, हात जोडून. कोणापुढे जोडले आहेत हे त्यांनाही नक्की ठाऊक नसावे.

बाईंनी पेन माझ्यापुढे ठेवले. "समितीच्या दोन सह्या. बेशिस्तीबद्दल. एकीला सोडलं तर उद्या शाळेत काय काय बंद पडेल, हे तुम्ही पाहिलंय."

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते.

"टॅग काढल्याबद्दल शिक्षा झालेली मी पाहिली आहे," मी म्हणालो. "बांधल्याबद्दल झालेली पाहिली नाही. मी सही करणार नाही."

पेन गार्डसाहेबांकडे सरकले. त्यांनी ते उचलले, टोपण लावले आणि बाईंच्या पेनदाणीत परत ठेवले. "मले लिहिता येत नाही," ते म्हणाले. ते त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे अर्धे सोडवून बसलेले होते.

"मग मी हिचं करू काय?" बाईंचा आवाज चढला. "निलंबित आहे, टीसी नाही, वहीत अभ्यागत म्हणून नाव आहे! तपासणीला आलेले विचारतील ही कोण, तर काय सांगू?"

बाहेर सुटी संपत आली होती. शिपाई बटणापाशी जाऊन उभा राहिला.

मुलगी उठली. "मैडम, विज़िटरले घंटीच्या आधी जावं लागते का?"

बाईंनी टीसीच्या कागदाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, दारातल्या बापाकडे पाहिले. मग कागद आडवा फाडला, उभा फाडला आणि टोपलीत टाकला.

"वर्गात जा," त्या म्हणाल्या. "आणि धावू नकोस."

मुलीने टॅग माझ्या हातात दिला आणि धावत गेली. तिचे वडील तिला मागून ओरडले, "अवं, सावकाश!" आणि नंतर भिंतीला टेकून खाली बसले. समितीने दोघांच्याही वर्तनाची नोंद घेतली नाही.